अर्ध्यावरून परतणारी काच

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची अडत चालवणाऱ्या अण्णांनी नवी गाडी घेतली ती नातवंडांच्या हट्टाखातर, आणि नातवंडांचा हट्ट होता छपरातल्या काचेचा. आपल्याकडे सनरूफ उघडायचा मोसम नेमका कोणता, हे गाडी विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. एप्रिलात ऊन टाळू भाजतं, जुलैत पाऊस थांबत नाही, उरलेल्या दिवसांत धूळ. तरी सनरूफ हवंच.

जुलैतल्या त्या शनिवारी अण्णांचा पारा आधीच चढला होता. शीतगृहातले गुळाचे रवे गुजरातला जायचे होते, ट्रक दारात उभा होता, आणि जन्म वहीखात्यात घालवलेले दिवाणजी हमालांना म्हणाले, "थांबा, भरू नका." ते हौद्यात चढले, खाली उतरले, पुन्हा चढले. अण्णांनी दोनदा सांगूनही ट्रक रिकामाच.

"दिवाणजी, तुम्ही आता थकलात. जागच्या जागी अडायला लागलात. थोडे दिवस घरी बसा."

दिवाणजी काही बोलणार होते, पण अण्णांनी पाठ फिरवली होती. सोमवारी उभं राहून गाडी भरून घ्यायचं काम पुतण्याकडे गेलं.

रविवारी सगळं घर आंबोलीला निघालं. आजऱ्याच्या पुढं जरा उघडीप मिळाली, तशी नातवंडांनी काच उघडायला लावली आणि दोघं सीटवर उभी राहून डोकी बाहेर काढू लागली. सूनबाईंनी त्यांना खाली ओढलं ते बरं केलं. चालकानं एक करकचून ब्रेक मारला, की बाहेर काढलेल्या मानेला आधार कशाचाच नसतो. तेवढ्यात सर आली. बटण दाबलं, काच निम्म्यापर्यंत सरकली आणि मागं गेली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग मुलानं बटणावरचं बोट काढलंच नाही. शेवटी मोटर तापली आणि काच हलेनाशी झाली. मागच्या सीटवर पाणी, डब्यातल्या धपाट्यांवर पाणी. आजऱ्याला परत येऊन प्लॅस्टिकचा कागद घेतला, छपराला चिकटपट्टीनं बांधला आणि आंबोली न बघताच मंडळी घरी आली.

सोमवारी सकाळी सर्व्हिस सेंटरवाल्यानं काचेकडे खालूनच पाहिलं. "पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. सुटा भाग मिळत नाही." त्यानं सांगितलेल्या रकमेत अण्णांना गुळाची आख्खी खेप दिसली. ते तडक उद्यमनगरात जुन्या मेस्त्रींकडे गेले.

मेस्त्रींनी बटणाला हातच लावला नाही. घोडी लावून ते वर चढले, कागद काढला, विजेरी मारून रुळात बघत राहिले.

"शेठ, गाडी कुठं लावताय?"

"घरासमोर. गुलमोहराखाली."

"मग बरोबर हाय."

रुळात गुलमोहराची बारीक पानं, माती आणि जुनं ग्रीस यांचा घट्ट लगदा झाला होता. मेस्त्रींनी तो ब्रशनं सोडवला, ओल्या फडक्यानं पुसला. मग कोपऱ्यातल्या भोकात पेलाभर पाणी हळूच ओतलं. ते खाली न जाता तिथंच तुंबलं.

"ह्या छपरातनं पाणी आत येणारच. रबरावर सगळा भरवसा नसतोय. चार कोपऱ्यांना चार नळ्या असत्यात, आलेलं पाणी खांबांतनं खाली सोडायला. त्या तुंबल्या, की पाणी तुमच्या डोक्यावर."

हवा जोरानं मारली तर नळी आतल्या आत निसटते, म्हणून त्यांनी लवचीक तार घालून नळ्या मोकळ्या केल्या. रुळाला सिलिकॉनचं ग्रीस लावलं. मोटर आता गार झाली होती. गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे बटण दाबून धरलं, तेव्हा काच पूर्ण उघडली, पूर्ण मिटली आणि आपला आदि-अंत पुन्हा शिकली. हे शिकवणं बॅटरी काढली तरी करावं लागतं, आणि त्याची रीत प्रत्येक गाडीची वेगळी.

अण्णा म्हणाले, "म्हणजे मोटर बिघडली नव्हती?"

"कायबी बिघडलं नव्हतं. काच मिटताना मधी काय लागलं, की ती माघारी फिरतीया. तशीच केलेली हाय. तिला पानं कळत न्हाईत, बोट कळत न्हाई. लागलं एवढंच कळतंय. नातवाचं बोट मधी असतं आणि ती न थांबता मिटली असती, तर? तुम्ही बटणच दाबत बसला. का थांबली ते वर चढून बघितलं कुणी?"

अण्णांनी पैसे विचारले. मेस्त्रींनी सांगितलेले पाचशे देऊन ते गाडीत बसले, पण गाडी सुरू करण्याआधी पुतण्याला फोन लावला.

"किती भरलं?"

"दोन थर झाले, काका."

"हात थांबव. मी येईपर्यंत एकही रवा वर जायचा नाही."

यार्डाकडे जाण्याआधी अण्णांनी गाडी दिवाणजींच्या घराकडे वळवली. दिवाणजी ओसरीत पेपर वाचत होते. अण्णांनी उभ्याउभ्याच विचारलं, "शनिवारी गाडी का अडवलीत?"

"ट्रकची आदली खेप खताची होती, शेठ. वास जात नव्हता. आणि हौद्याच्या फळ्यांतनं पाणी वर येत होतं. तुम्हाला सांगणार होतो."

"चला, कपडे करा."

यार्डात जाऊन दिवाणजींनी भरलेले दोन्ही थर उतरवून घेतले. तळच्या थरातले अकरा रवे बुडाशी पाघळले होते आणि त्यांना खताचा वास लागला होता. ते बाजूला काढले, दुसरा ट्रक मागवला, आणि जादा भाडं दिवाणजींनी अण्णांच्या नावे वहीत मांडलं.