कानामागून आला आणि तिखट झाला

बस. तो गळ्यातला दागिना आधी काढून टेबलावर ठेव, म्हणजे मी काय बोलतोय ते तुझ्यापर्यंत पोचेल.

मागच्या आठवड्यात तोंड वाकडं करून आलास. ‘सर, नवा हेडफोन फार टोचतो, विकून टाकू का?’ आणि काल तूच जिन्यात उभा राहून पोरांना सांगत होतास, ‘आता सवय झाली, गोड वाटतो.’ दोन्ही वेळा मी तुला तेच विचारलं. कुठल्या फ्रिक्वेन्सीला टोचतो? किती आवाजावर? वाजवलंस काय? दोन्ही वेळा तू छताकडे बघितलंस. ध्वनिमुद्रण शिकायला येऊन ‘ब्राइट आहे’ एवढ्यावर भागवायचं होतं तर फी कशाला भरलीस? रस्त्यावरचा कुणीही एवढं सांगेल.

वडिलांच्या नावावर हप्ते बांधून आणलेली वस्तू आहे ती. त्यांना वाटतंय, पोरगं काहीतरी शिकतंय. पोरगं काय करतंय, तर चार अनोळखी माणसांनी सांगितलं म्हणून हेडफोन ‘मुरवायला’ कपाटात कोंडून रात्रभर पिंक नॉइजची खरखर वाजवतंय! इतका हलक्या कानाचा माणूस या धंद्यात यावा, याचं मला नवल वाटतं. नव्या हेडफोनचा पडदा थोडा सैलावतो, कानाच्या गाद्या डोक्याच्या आकाराला बसतात, त्यात खोटं काही नाही. पण आठ हजार हर्ट्‌झवर आवाज जिथे उसळतो, तो सुळका कपाटात बसून वितळत नाही. बदलतो तो मुख्यतः ऐकणारा. आणि ऐकणारा त्या वेळी शेजारच्या खोलीत घोरत होता.

तुझा जुना इअरफोन मी ऐकलेला आहे. बेस फुगवलेला, वरचं सगळं झाकून टाकलेलं. अमृततुल्यच्या चहावर वाढलेल्या जिभेला बिनसाखरेचा चहा कडूच लागायचा. तेव्हा पहिल्या संध्याकाळी तुला जे टोचलं, त्यातलं निम्मं त्या जुन्या इअरफोनचं देणं होतं. झांजेचा काठ, तबल्याच्या चाटेवर पडलेलं बोट, गायिकेने ओठ विलग करताना घेतलेला श्वास, हे तू इतकी वर्षं ऐकलंच नव्हतंस. ते एकदम समोर आलं आणि तू ओरडलास.

पण उरलेलं निम्मं? तुझी तक्रार सगळीच खोटी असं मी म्हणत नाही, आणि इथेच तू माझा जास्त अपेक्षाभंग केलास. एक उदाहरण घे. सेनहायझरने २००९ साली एचडी ८०० बाजारात आणला. ५६ मिलिमीटरचा वलयाकार ड्रायव्हर, ३०० ओहम, पाठ उघडी. आवाजाचा ऐसपैसपणा असा की भलेभले गप्प झाले. त्याच हेडफोनमध्ये सहा हजार हर्ट्‌झच्या आसपास एक सुळका होता आणि तो नेमका ‘स’, ‘श’ आणि झांजांवर चढून बसायचा. काही जण म्हणाले, सवय करून घ्या. काहींनी मोजमाप केलं, कपाच्या आत फेल्टचे तुकडे लावून पुन्हा मोजलं. २०१६ साली कंपनीने एचडी ८०० एस आणला आणि त्यात तो अनुनाद शोषून घेणारी रचना स्वतःच बसवली. म्हणजे तक्रार करणारे काही वेडे नव्हते. फक्त त्यांच्या हातात आलेख होता आणि तुझ्या हातात टिश्यूपेपर.

हो, तो टिश्यूपेपर मी पाहिला. गादीखाली घडी करून कोंबलास. किती जाड, किती पदरी, कशाने कापलास, काही नोंद नाही. उद्या तो चुरगळला की आवाज पुन्हा बदलणार आणि तू म्हणणार, हेडफोन बिघडला. अरे, गादी म्हणजे कानाला मऊ लागावं म्हणून शिवलेली उशी नव्हे. बायरडायनॅमिक कंपनी डीटी १९९० प्रो या हेडफोनच्या डब्यात गाद्यांच्या दोन जोड्या द्यायची, एकीत बेस थोडा अधिक, दुसरीत कमी. नुसती गादी बदलून आवाजाचा तोल हलतो, म्हणून द्यायची. तुझं तर त्याहून सोपं आहे. तुझ्या चष्म्याची जाड काडी गादीला कानामागे उचलून धरते. तिथून बेस गळतो आणि मग उरतो तो वरचा आवाज. चष्मा काढून एकदा ऐकावं, एवढंही सुचलं नाही? डोळे मिटून ऐकायला चष्मा लागतो का?

आता त्या ‘सवय झाली’कडे येतो. त्यासाठीच तुला थांबवलंय.

सवय होते. ती थाप नाही. १९९८ साली नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार माणसांच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांत साचे बसवून त्यांनी बाह्यकानाचा आकार बदलला. आवाज वरून आला की खालून, हे त्या माणसांना सांगता येईना. साचे घालूनच ती माणसं रोजचं आयुष्य जगत राहिली आणि काही आठवड्यांत त्यांना ते पुन्हा कळू लागलं. गंमत पुढे आहे. साचे काढल्यावर जुन्या कानांनी त्यांना पहिल्यासारखंच लगेच कळलं. नवं शिकताना मेंदूने जुनं पुसलं नव्हतं. हा प्रयोग दिशेचा होता, स्वररंगाचा नाही, तेव्हा त्यावर सगळा इमला उभा करू नकोस. पण बाह्यकान ज्या उंच पट्ट्यात आवाजाला आकार देतो, त्याच पट्ट्यात हेडफोनही ढवळाढवळ करतो. मेंदू तिथे जुळवून घेऊ शकतो, एवढं त्यातून नक्की घे.

मात्र त्यांचे साचे रोज तेच होते. तू काय केलंस? सकाळी नवा हेडफोन, दुपारी बसमध्ये जुना इअरफोन, संध्याकाळी मित्राचा तिसराच. रोज रात्री इक्वलायझरला नवा आकार. मेंदूने धरून बसावं तरी काय? तू त्याला एक रात्रही एका जागी बसू दिलं नाहीस आणि सांगतोस सवय झाली. मग झालं काय, ते मी सांगतो. तू आवाज वाढवलास.

मान हलवू नकोस. अ‍ॅम्प्लिफायरची खुंटी कुठवर गेली आहे ते मी काल पाहिलं. आणि ती का गेली, तेही तुला माहीत असायला हवं होतं, कारण पहिल्याच सत्रात शिकवलं होतं. १९३३ साली बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की आवाज लहान असला की कानाला बेस फार कमी जाणवतो, आणि मोठा केला की तो भरून येतो. कान सगळ्यांत तिखट असतो तो साधारण तीन-चार हजार हर्ट्‌झला. म्हणजे कमी आवाजात तुझा हेडफोन किडकिडीत आणि टोचरा वाटला. तुला बेस हवा होता, तू खुंटी फिरवलीस. बेस आला. त्याच्याबरोबर वरचा सुळकाही तितकाच वर गेला. मग तो टोचेनासा का झाला?

कारण तुझा कान थकला. मोठ्या आवाजात तासभर बसलं की कान उंच आवाजांना काही काळ बोथट होतो. शंखाच्या आकाराच्या आतल्या कानात उंच आवाज टिपणाऱ्या केसपेशी दाराशीच असतात, आणि गोंगाटाने जाणारी श्रवणशक्ती आधी चार हजार हर्ट्‌झच्या आसपास खचते. त्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा की प्रौढ माणसाने ८० डेसिबलला आठवड्यात फार तर ४० तास ऐकावं, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा. ९० डेसिबलला आठवड्यात जेमतेम चार तास उरतात. तू तेवढे रविवारी एका बैठकीत संपवतोस. संघटनेचा आकडा तुला बंधनकारक नाही, पण तुझ्या कानाला आहे.

एक साधी खूण सांगतो. मेंदू शिकला असेल तर रात्री जे गोड वाटलं, ते सकाळी झोपून उठल्यावरही तसंच वाटेल. कान थकला असेल तर सकाळी पुन्हा टोचेल. तुझं काय होतं? सकाळी टोचतो ना? हेडफोन काढल्यावर कानात सूं करतं ना? मग तुझी ती सवय गेली खड्ड्यात. आणि ती सूं दोन-तीन दिवसांनीही गेली नाही, तर माझ्याकडे येऊ नकोस, कानाच्या डॉक्टरकडे जा.

मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांच्या दुकानात कधी बसला आहेस? २०२४ साली तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी तू वाचली असशील. जवारी लावताना मात्र पाहिली नसशील. घोडीचा माथा कारागीर घासत जातो, तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवतो. एका जागी तार मुकी, जरा पुढे किरकिरी, आणि मधे एके ठिकाणी ती उघडते. तिथे खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलू लागतो. कुणाला खुली जवारी आवडते, कुणाला बंद. पण कारागीर काय म्हणत नाही? ‘घरी न्या, सवय होईल,’ असं म्हणत नाही. आणि किरकिर ऐकू येऊ नये म्हणून तंबोरा जोरात छेडतही नाही. तो दोरा सरकवतो, ऐकतो, पुन्हा सरकवतो. हे ज्याला जमतं त्याला इक्वलायझर मी पाच मिनिटांत शिकवीन. तुला तो येतो, पण दोरा कुठे थांबवायचा ते येत नाही.

काय करायचं ते आता लिहून घे. मान डोलावून या कानाने ऐकून त्या कानाने सोडू नकोस.

जुना इअरफोन घरी कपाटात ठेव. पिंक नॉइज न लावता. पुढचे काही आठवडे हाच एक हेडफोन. चष्मा काढून घालायचा, टिश्यूपेपर फेकायचा. आवाज इतकाच, की बाजूच्या माणसाने नेहमीच्या सुरात हाक मारली तर तुला ऐकू यावी. तुझा हेडफोन उघड्या पाठीचा आहे, तेव्हा हे सहज जमेल. इथे मीटर आहे. पुठ्ठ्याची चकती कापून गादीवर ठेव, मधल्या भोकात माइक धर. तंतोतंत आकडा मिळणार नाही, पण तू ७५ वर आहेस की ९५ वर, एवढं समजेल.

ऐकायचं काय? जे तू समोर बसून, लाउडस्पीकरशिवाय ऐकलं आहेस तेच. तंबोरा, बासरी, घरातल्या माणसाचं बोलणं. हल्लीची ठोकून मोठी केलेली चित्रपटगीतं नकोत. त्यांतली बरीच मुळातच कर्कश आहेत, आणि त्या बाबतीत तुझा हेडफोन खरं बोलतोय. तेच गाणं आपल्या स्टुडिओच्या स्पीकरवरही टोचलं तर हेडफोनला शिव्या देऊ नकोस. फक्त हेडफोनवर टोचलं तर पुढची पायरी.

पुढची पायरी म्हणजे चार हजारांपासून दहा हजारांपर्यंत एकच सूर हळूहळू चढवत न्यायचा, अगदी लहान आवाजात. जिथे तो उगाच फुगतो तो आकडा लिही. हेडफोन कानावर जरा सरकवून पुन्हा कर. सरकवल्यावर आकडा पळाला तर तो सुळका तुझ्या कानाच्या आकाराचा आणि गादीच्या बैठकीचा आहे. आकडा हलला नाही तर बहुतेक यंत्राचा. मग तेवढीच अरुंद जागा तीन डेसिबलने खाली आण आणि हात काढून घे. रोज रात्री नवा प्रयोग नको. (माझ्या वयाला बारा हजारांच्या वर मला काही ऐकू येत नाही, हे तुम्ही पोरं मागे बोलता ते मला ठाऊक आहे. तुझा सुळका आठ हजारांच्या आसपास आहे आणि तो मला अजून व्यवस्थित ऐकू येतो.)

हे सगळं करूनही टोचतच राहिला तर खुशाल विक. आवडला नाही म्हणून वस्तू विकणं हा गुन्हा नाही, आणि महाग आहे म्हणून ती सोसत बसणं यात शहाणपण नाही. पण विकताना घेणाऱ्याला आकडा सांगता आला पाहिजे: अमुक हर्ट्‌झला इतका चढतो, या गादीवर, इतक्या आवाजाला. तेवढं सांगता आलं तरी तुझ्या वडिलांचे हप्ते फुकट गेले नाहीत असं मी समजेन.

सोमवारी वही घेऊन ये. प्रत्येक दिवसाचा आवाज, वेळ आणि सकाळी कसं वाटलं, एवढं पेनने लिहिलेलं हवं. ‘छान वाटतंय’ असं लिहिलेलं पान मी वाचणार नाही. जा आता, आणि जाताना हेडफोन गळ्यात घालू नकोस. रस्ता ओलांडायचा आहे तुला.