शेठचा संघ

हजीऱ्याला तापी समुद्राला मिळते. तिथे काठाने खताचे, पोलादाचे, वायूचे मोठाले कारखाने आहेत, बंदर आहे आणि घोघ्याला जाणाऱ्या फेरीचा धक्का आहे. कारखान्यांत राबणारी माणसं आसपासच्या गावांत भाड्याच्या खोल्यांत राहतात. एका खोलीत चौघं, कधी सहा. कुणी बिहारचं, कुणी ओडिशाचं, तर कुणी नंदुरबार-धुळ्याकडून सुरतेच्या गाडीत बसून उधन्याला उतरलेलं.

अशाच खोल्यांच्या मागे एक मैदान होतं. थंडी पडली की तिथे टेनिस बॉलची स्पर्धा भरे. आठ संघ, आठ-आठ षटकं आणि चार खांबांवर दिवे. सेकंड शिफ्ट रात्री दहाला सुटायची, म्हणून मोठा सामना सव्वादहाच्या आधी सुरू करायचा नाही, असा तिथला रिवाज होता. माणसं डोक्यावरचं हेल्मेट काखेत धरून थेट मैदानावर येत.

प्रत्येक संघाला मालक होता. खानदेशी खोल्यांचा संघ एका ठेकेदाराचा होता. दुरुस्तीसाठी कारखान्याचं शटडाऊन लागलं की माणसं पुरवायची, हा त्याचा धंदा. सगळे त्याला शेठ म्हणत.

खेळाडूंचा लिलाव दिवाळीनंतर एका हॉलमध्ये व्हायचा. प्रत्येक मालकाला एक लाख पॉइंट मिळत. एक पॉइंट म्हणजे एक रुपया. ज्या खेळाडूवर जेवढी बोली लावली, तेवढे पैसे मालकाने त्याला द्यायचे. उरले ते मालकाच्या खिशात राहायचे. बाकीचे मालक हात वर करून बोली चढवत. शेठ मात्र हात टेबलाखाली ठेवून बसायचा. सगळ्यांची खरेदी आटोपली, हॉलमधले चहाचे कप गोळा होऊ लागले, की मग त्याचा हात वर यायचा. उरलेली पोरं तो पाचशे-पाचशेला उचलायचा. एक लाखातले बहुतेक पैसे त्याच्याकडेच उरत.

संघ हरायचा. दरवर्षी हरायचा. तरीही मैदानाच्या ज्या बाजूला शेठचा फलक लागे, तीच बाजू सगळ्यात आधी भरायची. फलकावर शेठचा फोटो हातभर आणि खेळाडूंचे बोटभर. खाली वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानाची जाहिरात, मोबाइलवाल्याची जाहिरात. शेजारी वड्यांची गाडी, ती शेठच्या मेहुण्याची. माणसं शेठला शिव्या घालत वडे खात आणि वडे खाऊन पुन्हा शिव्या घालत.

त्या संघात एकच मुलगा खरा होता. तो डावखुरा गोलंदाज दिवसा परांचीवर काम करायचा. रात्री त्याचा बॉल टप्पा पडल्यावर असा आत यायचा, की फलंदाज बॅट खाली आणेपर्यंत मागे बेल्स पडलेल्या असत. शेठने त्याला तीन वर्षं पाचशेलाच घेतलं. शेठच्याच हाताखाली कामाला असलेल्या पोरावर दुसरा कोण बोली लावणार? मग एका वर्षी बंदराकडच्या संघाला नवा मालक आला. त्याला हा संकोच ठाऊक नव्हता. त्याने बोली सुरू केली. शेठ दोन हजारांपर्यंत गेला आणि थांबला. मुलगा बारा हजाराला गेला.

त्या हिवाळ्यात त्याच मुलाने शेठच्या संघाचे चार गडी एका षटकात काढले. खानदेशी बाजूने टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांनाच आपण काय करतोय ते कळेना. मग मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘आते बस व्हयनं!’’

रात्री सगळे आक्काच्या खानावळीत जमले. आक्का शिरपूरकडची. नवरा गेल्यावर तिने खानावळ काढली होती. तिची शेवभाजी तिखट आणि उधारीची वही चोख.

‘‘उद्यापासून मैदानावर पाऊल टाकायचं नाही,’’ एक तरुण म्हणाला.

दुसरा फोन पुढे करत म्हणाला, ‘‘उलटं करायला पाहिजे. हे बघा, अमेरिकेत ओकलंड नावाचं गाव आहे. तिथला बेसबॉलचा मालक असाच. चांगले खेळाडू सोडून द्यायचा, पैसा लावायचा नाही. लोकांनी जायचंच सोडलं होतं. मग १३ जून २०२३ला ठरवून सत्तावीस हजारांवर माणसं मैदानात घुसली. हिरवे सदरे, आणि छातीवर एकच शब्द, विका! आम्ही अजून आहोत, तूच नालायक आहेस, हे दाखवायला.’’

‘‘मग? विकला त्याने?’’

‘‘नाही. त्या रात्री संघ जिंकला. पण पुढच्या वर्षीचा हंगाम संपल्यावर मालकाने संघच गावातून हलवला.’’

कुणी काही बोललं नाही. आक्का तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, ‘‘मी एवढी वर्षं खानावळ चालवते. रागावलेलं गिऱ्हाईक आणि खूश गिऱ्हाईक, दोघं तेवढ्याच पोळ्या खातात. वहीत मला फरक दिसत नाही.’’

दुसऱ्या दिवशी पाच जण शेठकडे गेले. शेठने त्यांना बसवलं, चहा दिला. तो माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. २०२०च्या टाळेबंदीत कामं थांबली, गाड्या बंद झाल्या, तेव्हा यांच्या खोल्यांत त्याने पीठ आणि तेल पोहोचवलं होतं. ते आठवून पाचही जणांची मान खाली गेली होती. तरीही एकाने विचारलंच, ‘‘शेठ, पोरांवर पैसे का नाही लावत?’’

‘‘काल तुम्ही मैदानावर होता?’’ शेठने विचारलं.

‘‘होतो.’’

‘‘परवा पुढचा सामना आहे. येणार?’’

पाचही जण गप्प राहिले.

‘‘मग मी कशाला लावू?’’ शेठ अगदी सरळपणे म्हणाला. त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. हिशोब मांडावा तसं त्याने ते मांडलं.

परवाच्या रात्री खानदेशी बाजू रिकामी राहिली. ते सोपं गेलं नाही. समालोचकाचा भोंगा खोल्यांपर्यंत ऐकू येत होता. माणसं पांघरुणात पडून धावा मोजत होती. एक जण ‘पाणी बघून येतो’ म्हणून गच्चीवर टाकीपाशी गेला आणि तासभर खाली आलाच नाही. त्याला कुणी काही विचारलं नाही, कारण वर आधीच तिघं बसलेले होते. मैदानावर मेहुण्याचे वडे गाडीवर तसेच राहिले. मोबाइलवाल्याने रिकाम्या बाजूचा फोटो काढून शेठला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘‘पुढच्या वर्षीचं बघू.’’

तरुण मंडळी खूश झाली. ‘‘आता शेठ नरमला. आता मागू ते देईल.’’

त्यांच्यात एक वयस्क स्टोअरकीपर होता. सगळे त्याला काका म्हणत. नट-बोल्ट मोजण्यात त्याचा जन्म गेला होता. तो म्हणाला, ‘‘शेठ नरमला ते आज. दोन वर्षांनी पुन्हा ताठ होईल. आपण काय दर दोन वर्षांनी गच्चीवर जाऊन बसायचं?’’

‘‘मग काय करायचं काका?’’

‘‘आयपीएलचा लिलाव बघता ना? ऋषभ पंत सत्तावीस कोटींना गेला, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच्यामागचा नियम कुणी बघत नाही. त्या लिलावात प्रत्येक संघाला एकशेवीस कोटी होते. त्याच्यावर जायचं नाही, हे तर झालंच. पण त्यातला पाऊण हिस्सा, म्हणजे नव्वद कोटी, खेळाडूंवर लावलेच पाहिजेत, असंही बंधन होतं. कारण उघड आहे. टीव्हीच्या हक्काचे पैसे तळाच्या संघालाही मिळतात. बंधन नसतं, तर तळाला बसून पैसे मोजणारा एखादा निघालाच असता.’’

काकांनी वहीचं पान फाडलं आणि अर्ज लिहिला. अर्जात शेठचं नाव नव्हतं. एवढंच होतं, की प्रत्येक मालकाने एक लाखातले किमान पंचाहत्तर हजार खर्च करावेत. कमी पडतील तेवढे वर्षाअखेरीस त्याच्याच संघातल्या पोरांत सारखे वाटावेत. खाली एकशे दहा सह्या. काही अंगठेही होते.

स्पर्धा चालवणाऱ्या समितीत मालकच होते. काकांना वाटलं होतं, अर्ज केराच्या टोपलीत जाईल. पण बंदराकडचा नवा मालक म्हणाला, ‘‘कच्च्या संघाला हरवायला मी पैसे मोजतोय. ते बघायला माणूस येत नाही.’’ आणखी चौघांनी माना डोलावल्या. दोघे कुरकुरले. शेठ काही बोलला नाही. पाच हात वर झाल्याचं त्याने पाहिलं आणि सहावा हात त्याने स्वतःच वर केला. काहींच्या मते तो शहाणपणा होता. मला वाटतं, त्याला रिकाम्या बाजूचा फोटो आठवला असावा.

माणसं शेठला कंजूष म्हणत होती आणि तो कंजूष होता, यात खोटं काही नव्हतं. पण ती चैन त्याला परवडत होती ती त्यांच्याच प्रेमावर. संघ हरला तरी ही माणसं येणार, हे त्याला ठाऊक होतं, आणि ज्याचं प्रेम असं ठरलेलं असतं त्याची किंमत कुणी वाढवत नाही. त्यांनी शेठकडे मोठं मन मागितलं असतं, तर त्याने ते एखाद्या वर्षी दिलंही असतं, टाळेबंदीत दिलं होतं तसं. पण उपकार देणाऱ्याच्या लहरीवर असतो. काकांनी मन मागितलं नाही, नियम मागितला.

पुढच्या लिलावात शेठने पहिल्यांदाच हात टेबलावर ठेवला. सवय नव्हती, त्यामुळे पहिली खरेदी फसली. नवसारीकडचा एक नावाजलेला फलंदाज त्याने पंचवीस हजारांना घेतला आणि तो पहिल्या तीन सामन्यांत मिळून अकरा धावांत आटोपला. डावखुऱ्या मुलासाठी मात्र बंदरवाल्याशी त्याची जुंपली. बोली दहावर गेली, बारावर गेली. शेठने रुमालाने कपाळ पुसलं आणि चौदा हजार म्हटलं. मुलगा परत आला. दुसऱ्याच दिवशी आक्काने वही उघडून त्याची चार महिन्यांची उधारी वाचून दाखवली.

संघ त्या वर्षी चौथा आला. चषक काही मिळाला नाही. पण एक गोष्ट अशी घडली, जी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. आधी शेठ बक्षीस वाटायच्या रात्री तेवढा यायचा. आता तो सरावालाही येऊ लागला. पोरांचे बूट फाटलेत हे त्याने पहिल्यांदा पाहिलं. पंचांशी तो हुज्जत घालू लागला. पंचवीस हजारवाला बाद झाला की डोकं धरून खालीच बसायचा.

तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात शेवटच्या षटकात डावखुऱ्याने एक बॉल फुलटॉस टाकला आणि तो थेट दिव्यांच्या पलीकडे गेला. फलकापाशी शेठ ताडकन उभा राहिला. दोन्ही हात हवेत नाचवत तो ओरडला, ‘‘अरे, चौदा हजार मोजलेत! चौदा हजारांत हा बॉल?’’

मागच्या रांगेतून आवाज आला, ‘‘शेठ, खाली बसा. दिसत नाही.’’