पडलेला गुण्या

कुडाळजवळच्या एका गावात आप्पा मिस्त्रींची सुतारशाळा होती. हाताखाली दोन पोरं. एक वयाने थोडा मोठा, म्हणून त्याला सगळे थोरला म्हणत, दुसऱ्याला धाकटा. दोघंही कामाला चांगली. आप्पांचा हात नावाजलेला होता. फणसाचा पाट असो की सागवानी दार, त्यांच्या हातचा सांधा दोन पिढ्या हलत नसे. राग मात्र वाईट. कुणाच्या हातून काही चुकलं की आप्पांचा आवाज रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जाई.

त्या उन्हाळ्यात आप्पांनी सारवलेली जमीन काढून सिमेंटचा कोबा घातला. केर काढायला सोपं झालं, पावसाळ्यातली ओल गेली. हत्यारांचा विचार कुणाच्या मनात आला नाही. मातीच्या जमिनीवर पटाशी पडली तर टोकाने रुतायची, पुसून घेतली की झालं. कोब्यावर तीच पटाशी पडली की धारेचा कोपरा उडतो आणि ते पातं पुन्हा सरळ धारेवर आणायला दगडावर अर्धा दिवस जातो.

श्रावण लागला आणि थोरल्याच्या हातून रंधा पडला. साधा लाकडी नव्हे, शेफिल्डचा, बिडाचा. आप्पांच्या वडिलांनी मुंबईत असताना घेतलेला. थोरल्याने तो बाकाच्या अगदी कडेला ठेवला होता, वळताना कोपर लागलं. लाकडी रंधा पडला असता तर फार तर एखादा खळगा पडला असता. बिडाचं तसं नाही. बीड टणक असतं, पण वाकत नाही. जोराचा आघात झाला की तडकतं. रंध्यात त्याची सगळ्यात नाजूक जागा म्हणजे तोंड, पातं जिथून बाहेर डोकावतं ती. तळ तिथे कापलेला असतो, आजूबाजूला थोडंच बीड उरतं. तडा तिथेच गेला, एका कडेपासून वरपर्यंत.

थोरल्याने रंधा उचलला आणि तसाच आप्पांपुढे नेऊन धरला. "आप्पा, माझ्या हातून पडला."

पुढचा तासभर आप्पा जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोराची लायकी निघाली, घरादाराचा उद्धार झाला. तडा पितळेने भरून आणता येतो, पण त्या उष्णतेने तळ वाकण्याची भीती असते, हे आप्पांना माहीत होतं, म्हणून राग आणखीच चढला. थोरला दोन दिवस नीट जेवला नाही. धाकट्याने हे सगळं पाहिलं.

आठवडाभराने धाकट्याच्या हातून गुण्या पडला. खुंटीवरून काढताना निसटला, कोब्यावर आपटला आणि बाकाखाली गेला. धाकट्याच्या पोटात गोळा आला. आप्पा मागच्या पडवीत होते. त्याने गुण्या उचलला, उलटसुलट करून पाहिला. कुठे तडा नाही, पातं वाकलेलं नाही, मूठ जागेवर. हत्यार जमिनीवर पडलं म्हणून त्याने तो कपाळाला लावला आणि परत खुंटीला अडकवला. पोराच्या मनात पाप नव्हतं. काही मोडलंच नाही तर सांगायचं काय, असं त्याला खरोखरच वाटलं.

गुण्याचं दुखणं मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्याचं सगळं मोल एका काटकोनात असतं. पातं मुठीत रिवेटांनी धरलेलं असतं, आणि कोपऱ्यावर आपटलं तर ते केसभर सरकू शकतं. या गुण्याचं आठ इंची पातं टोकाला अर्धा मिलिमीटर कललं होतं. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं कुणीही म्हणेल. पण सहा फुटी दाराची उंची आठ इंचांच्या नऊ पट असते. खालचा आडवा बरोबर ठेवला तर वर पोचेपर्यंत तोच कल साडेचार मिलिमीटर होतो.

तेव्हा शाळेत नेमकं दाराचंच काम चाललं होतं. गावातल्या एका घराला चतुर्थीच्या आधी दोन झडपांचं सागवानी दार हवं होतं. आखणी थोरल्याकडे. आडव्याच्या टोकाला कुसू कुठून कापायचा त्याची रेघ चारही बाजूंनी फिरवावी लागते. एका बाजूवर मारायची, कोपऱ्यावरून दुसऱ्या बाजूवर न्यायची, तिथून तिसऱ्या, आणि चौथ्या बाजूची रेघ पहिलीला येऊन मिळाली पाहिजे. थोरल्याची रेघ मिळेना. केसभर चुकायची. त्याने पेन्सिलीला टोक काढलं, पेन्सिल सोडून सुरीने रेघ मारली, लाकूड पुन्हा रंधून सरळ केलं. तरी तेच. मग त्याने ठरवून टाकलं की आपलाच हात बिघडला आहे. रंधा पाडणारा हात, त्याच्याकडून आणखी काय होणार? तो पटाशीने इकडचं तिकडचं तासून सांधे बसवत राहिला.

पहिली झडप जुळली तेव्हा आप्पांनी ती जमिनीवर आडवी टाकून टेपने दोन्ही कर्ण मोजले. दोन मिलिमीटरांचा फरक. आप्पा पुन्हा कडाडले. थोरल्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "माझाच हात चुकतोय आप्पा, मला आखणी देऊ नका." त्याला पॉलिशपेपर घासायला बसवलं आणि आखणी धाकट्याकडे आली.

धाकट्याला आधी आनंद झाला. त्याने आडवा घेतला, खुंटीवरचा गुण्या काढला, रेघ फिरवली. चौथ्या कोपऱ्यावर रेघ चुकली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेवढीच, त्याच बाजूला. तेव्हा त्याचे हात थांबले. पलीकडे थोरला मान खाली घालून पट्टी घासत होता. पंधरा दिवस जी चूक तो आपली समजून वाहत होता, ती कुणाची ते धाकट्याला आता कळलं.

तो उठला आणि आप्पांसमोर जाऊन उभा राहिला. "आप्पा, गुण्या माझ्या हातून पडला होता. पंधरा दिवसांपूर्वी. मी सांगितलं नाही."

आप्पा काही बोलले नाहीत. एक फळी घेतली, तिची कड रंधून अगदी सरळ केली. गुण्याची मूठ कडेला लावून सुरीने एक रेघ मारली. मग गुण्या उलटा करून, मूठ दुसऱ्या अंगाला ठेवून, त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारली. गुण्या खरा असता तर दोन्ही रेघा एकच दिसल्या असत्या. त्या खाली जुळल्या होत्या आणि वर फाकल्या होत्या. ही पारख चूक दुप्पट करून दाखवते, त्यामुळे अर्धा मिलिमीटर इथे पूर्ण मिलिमीटर झाला होता. तीनही डोकी त्या फळीवर वाकली.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" आप्पांनी विचारलं.

धाकटा म्हणाला, "दादाने सांगितलं होतं ना, रंधा पडला तेव्हा."

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रंधा पडल्याचं मला कळलं, म्हणून नुकसान एका रंध्यावर थांबलं. गुण्या पडल्याचं कळलं नाही, त्यात सागवान गेलं, पंधरा दिवस गेले, आणि चांगल्या आखणाऱ्या पोराचा स्वतःच्या हातावरचा भरवसा गेला. हत्यार पडलं यात कुणाचा गुन्हा नाही. पडलेलं हत्यार न तपासता खुंटीला गेलं, ही चूक तुझी. आणि सांगणाऱ्या पोराला मी असा फाडला की दुसऱ्याची सांगायची हिंमत राहिली नाही, ही माझी. तुझ्यापेक्षा मोठी."

या गोष्टीत आप्पांचा मोठेपणा इथे आहे असं मला वाटतं. खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहणारे पुष्कळ असतात, धाकट्यानेही गुण्या कपाळाला लावलाच होता. पूजेने काटकोन जागेवर येत नाही. त्यासाठी फळीवर दोन रेघा माराव्या लागतात, आणि पडलं तर पडलं म्हणता यावं लागतं. पोरांना ते म्हणता येणं हे मिस्त्रीच्या स्वभावावर अवलंबून असतं.

आप्पांनी थोरल्याला हाक मारली, पॉलिशपेपर हातातून काढून घेतला आणि आखणीची सुरी दिली. चुकलेले आडवे बाजूला काढून नवीन लाकूड स्वतःच्या पैशाने आणलं. गुण्याचं पातं कानशीने जपून घासलं आणि फळीवरच्या दोन रेघा एक होईपर्यंत सोडलं नाही. बाकापुढच्या कोब्यावर जुन्या फळ्या टाकून वर गोणपाट पसरलं. पटाशा बाकाच्या कडेवरून गडगडू नयेत म्हणून त्यांना खाचांची पट्टी ठोकली. दाराजवळ एक रिकामा पाट ठेवला आणि सांगितलं, "हातून काहीही पडलं की ते खुंटीला लावायचं नाही, या पाटावर ठेवायचं. कुणाच्या हातून पडलं ते मी विचारणार नाही. तपासल्याशिवाय कुणी वापरायचं नाही."

दार हरतालिकेच्या आदल्या दिवशी बसलं. पुढे त्या पाटावर सगळ्यात आधी जी पटाशी आली ती आप्पांच्याच हातून पडलेली होती, आणि ती त्यांनी दोन्ही पोरांसमोर तिथे ठेवली.

तुमच्या घरी किंवा दुकानात गुण्या असेल, तर आज एक सरळ कडेची फळी घ्या आणि दोन रेघा मारून बघा. आणि हाताखाली शिकणारं पोर असेल, तर पुढच्या वेळी ते काही पडल्याचं सांगायला आलं की आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या.