कसूर कोणाची?

मालात दोष निघाला की तो कोणाच्या हातून झाला हे हुडकून काढावे, त्याच्याकडून लेखी खुलासा मागवावा, खुलासा समाधानकारक न वाटल्यास एक दिवसाचा पगार कापावा आणि कागद दफ्तरी दाखल करून मोकळे व्हावे, ही रीत आपल्या कारखान्यांत, कचेऱ्यांत आणि इस्पितळांतही इतकी मुरलेली आहे की तिच्या बुडाशी एक सिद्धान्त आहे आणि तो चुकीचा असू शकेल, ही शंका सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. गुणवत्ता-व्यवस्थापन या नावाने गेल्या शंभर वर्षांत जे शास्त्र उभे राहिले, त्यातला सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते या सिद्धान्ताचे खंडन हाच होय. आलेख, तक्ते, कार्यपुस्तिका आणि प्रमाणपत्रे हा त्या शास्त्राचा लवाजमा झाला. त्याचा गाभा न्यायशास्त्राच्या अंगाने जाणारा आहे, कारण दोष घडला असता उत्तरदायी कोणास धरावे, हा प्रश्न त्याने साहेबाच्या मर्जीवर न सोडता गणिताच्या कसोटीवर घासून पाहिला.

वॉल्टर शूहार्ट हा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ टेलिफोनची यंत्रसामग्री बनविणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या सेवेत असताना, एकाच यंत्रावर, एकाच कारागिराने, एकाच धातूतून काढलेले नग एकसारखे का निघत नाहीत, या प्रश्नाचा पिच्छा पुरवत होता. आणि १६ मे १९२४ रोजी त्याने आपल्या वरिष्ठांना जे छोटेसे टिपण धाडले, त्यात एक आकृती होती, जिला आज नियंत्रण आलेख म्हणतात. मधोमध सरासरीची एक रेषा, तिच्या वर आणि खाली एकेक मर्यादारेषा, आणि त्यांच्या दरम्यान रोजच्या कामाचे वरखाली होणारे ठिपके, एवढाच तिचा सरंजाम. मात्र त्या दोन रेषांनी एक मोठा निवाडा करून ठेवला. मर्यादेच्या आत जे चढउतार होतात ते असंख्य बारीकसारीक कारणांच्या एकत्रित खेळामुळे होतात, ती कारणे व्यवस्थेच्या अंगभूत आहेत आणि त्यांतले एखादे वेगळे काढून त्याला दोषी ठरविणे व्यर्थ आहे. मर्यादेबाहेर पडलेला ठिपका मात्र काही तरी विशेष घडल्याची खूण असून तेथे चौकशी करणे रास्त आहे, असा तो निवाडा होय. मर्यादा सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या तिपटीवर ठेवाव्यात हा त्याचा निर्णयही मोठा व्यवहारी होता. रेषा फार जवळ आखल्या तर निष्कारण चौकशांना ऊत येतो आणि फार दूर आखल्या तर खरा बिघाड नजरेतून निसटतो. या दोन्ही चुकांची किंमत मोजून त्याने मधला मार्ग पत्करला. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हाच विचार विस्ताराने आला आहे.

तयार मालाची तपासणी करून वाईट नग बाजूला काढणे म्हणजेच गुणवत्ता राखणे, ही समजूतही येथून पुढे टिकण्यासारखी राहिली नाही. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण त्या परीक्षेने भात शिजत नाही. आमच्याकडच्या औद्योगिक वसाहतींत ‘क्वालिटीवाले’ आणि ‘प्रॉडक्शनवाले’ अशा दोन जाती मानण्याचा जो प्रघात आहे, त्यात पहिल्यांनी माल अडवायचा आणि दुसऱ्यांनी महिनाअखेरीस तो कसाबसा पास करवून घ्यायचा, असे एक नित्याचे युद्ध चालते. त्यात रिजेक्शनचे आकडे खाली आलेले दिसतात, परंतु गिऱ्हाइकाच्या तक्रारी जिथल्या तिथे असतात.

शूहार्टच्या विचाराचा नैतिक अर्थ ज्याने सर्वांत परखडपणे मांडला तो अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग. आपल्या व्याख्यानांत तो एक खेळ करीत असे. एका पेटीत ४,००० मणी असत. त्यांपैकी ३,२०० पांढरे आणि ८०० लाल. श्रोत्यांतून सहा जणांना कामगार म्हणून बोलावले जाई, दोघे तपासनीस, त्यांच्यावर एक मुख्य तपासनीस, आणि नोंद ठेवण्यास एक कारकून. मुकादमाची भूमिका डेमिंग स्वतःकडे घेई. पन्नास खळगे असलेली एक फळी पेटीत बुडवून बाहेर काढायची, ती ठरावीक कोनात धरायची, आपसांत बोलायचे नाही, पद्धतीत बदल करायचा नाही, आणि गिऱ्हाइकाला फक्त पांढरे मणी हवेत हे विसरायचे नाही, एवढे हुकूम सुटले की काम सुरू होई. कोणाच्या फळीत सहा लाल मणी येत, कोणाच्या चौदा. सहावाल्याची मुकादम जाहीर पाठ थोपटी, त्याला पगारवाढ देई. चौदावाल्याला ताकीद मिळे. दुसऱ्या दिवशी पगारवाढ मिळालेल्याच्या फळीत बारा लाल येत, आणि मुकादम खेदाने म्हणे की बक्षीस त्याच्या डोक्यात गेले. ताकीद मिळालेल्याच्या फळीत आठ आले तर त्या ताकिदीचे श्रेय मुकादम स्वतःकडे घेई. घोषवाक्ये लागत, उद्दिष्टे जाहीर होत. अखेरीस तिघा ‘उत्कृष्ट’ कामगारांना ठेवून बाकीच्यांना घरी पाठवले जाई आणि त्या तिघांकडून दुप्पट काम घेतले जाई. तरीही लाल मणी आपले पूर्वीसारखेच येत राहत.

श्रोते हसत. हिशेब मांडला की हसू मावळते. पाचास एक लाल या प्रमाणाने पन्नासांत सरासरी दहा लाल यायचे, आणि शूहार्टच्या रीतीने मर्यादा काढल्या तर त्या साधारणतः दोन आणि अठरा येथे पडतात. म्हणजे सहा, आठ, बारा, चौदा हे सारे आकडे एकाच स्थिर व्यवस्थेचे अपत्य होत, आणि सहावाला व चौदावाला यांच्या कर्तबगारीत तिळमात्र फरक नाही. पगारवाढ, ताकीद आणि बडतर्फी हे सगळे प्रशासन नाणेफेकीवर चालले होते. आणि पेटीत लाल मणी घातले कोणी, हा एकच प्रश्न त्या कारखान्यात विचारण्याची मुभा नव्हती. वार्षिक गोपनीय अहवालावर ज्याची बढती कधी काळी अडली असेल त्या वाचकाला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

याच्याच जोडीचा दुसरा प्रयोग नरसाळ्याचा. टेबलावरील एका खुणेवर नरसाळ्यातून गोटी सोडायची. नरसाळे स्थिर ठेवले तर गोट्या खुणेच्या आसपास विखुरतात. परंतु प्रत्येक गोटी जेवढी चुकली तेवढे नरसाळे उलट दिशेने सरकवत गेले, तर हेतू सुधारणेचा असूनही विखुरण्याचे मान, गणिती परिभाषेतील विचरण, दुप्पट होते. दर महिन्याच्या आकड्यावर नवे परिपत्रक काढणाऱ्या अधिकाऱ्याने हा प्रयोग स्वतःच्या हाताने एकदा तरी करून पाहावा.

डेमिंगने आपल्या १९८६ सालच्या ग्रंथात असा अंदाज नोंदवला आहे की अडचणींपैकी आणि सुधारणेच्या संधींपैकी शेकडा ९४ व्यवस्थेच्या पदरी जातात आणि उरलेल्या ६ विशेष कारणांच्या. हा आकडा त्याच्या अनुभवातून आलेला असून मोजणीतून निघालेला नाही. तो मंत्रासारखा उच्चारणाऱ्यांनी डेमिंगचे काही भले केले नाही. पण आकडा ९४ ऐवजी ७० धरला तरी युक्तिवादाचा रोख बदलत नाही.

यावर एक आक्षेप हटकून येतो, आणि तो वरवरचा नाही. कसूर व्यवस्थेची म्हटली की ती कोणाचीच नाही असे होऊन बसेल, आळशी माणूस आलेखाच्या आड लपेल आणि हयगयीला शास्त्राचा आधार मिळेल, असे अनेक कर्तबगार व्यवस्थापकांना मनापासून वाटते. त्यांनी शूहार्टचा निवाडा अर्धाच वाचला आहे असे म्हणावे लागते. मर्यादेबाहेरचा ठिपका आहेच; दारू पिऊन यंत्रावर उभा राहिलेला माणूस, चुकीच्या प्रतीचा आलेला लोखंडाचा गठ्ठा, न शिकवता पाळीवर धाडलेला उमेदवार, यांचा माग काढलाच पाहिजे आणि माणूस दोषी निघाल्यास त्याला जाबही विचारला पाहिजे. उरलेल्या दोषांची जबाबदारीही नाहीशी होत नाही. ती वर सरकते. कच्चा माल कोणत्या भावाने घ्यायचा, यंत्राची देखभाल कधी तहकूब ठेवायची, नव्या माणसाला किती दिवस शिकवायचे, हे ज्याच्या सहीने ठरते त्याच्या मेजावर ती जाऊन बसते. ती तेथे बसणे त्याला आवडत नाही, आणि या शास्त्राचा स्वीकार सर्वत्र जिभेने झाला तेवढा हाताने का झाला नाही याचे कारण मला तरी येथेच दिसते.

जपानचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हजारो अभियंत्यांना ही संख्याशास्त्रीय रीत शिकवली गेली होती, आणि युद्ध संपताच ती बहुतेक ठिकाणी विरून गेली. कारण शिकले ते अभियंते, आणि सह्या करणारे कोरेच राहिले. हा धडा मनात ठेवून डेमिंगने १९५० साली जपानच्या शास्त्रज्ञ व अभियंता संघाच्या निमंत्रणावरून तेथे व्याख्याने दिली तेव्हा कारखानदारांच्या प्रमुखांना समोर बसवण्याचा आग्रह धरला. पुढल्याच वर्षी त्याच्या नावाचे पारितोषिक तेथे सुरू झाले. १९५४ साली याच शास्त्राचा दुसरा अमेरिकन जाणकार जोसेफ जुरान आला आणि त्याने हे काम आलेखांपुरते न ठेवता कारभाराच्या सर्व अंगांना भिडवले. १९६२ पासून काओरू इशिकावाच्या प्रेरणेने खुद्द कामगारांची गुणवत्ता-मंडळे निघू लागली.

आपल्याला या शास्त्राची ओळख उशिरा झाली अशी सबब मात्र सांगता येत नाही. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने साक्षात शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेला, म्हणजे डेमिंगची जपानातली ती व्याख्याने होण्याआधी. गुरू आला, शिष्यही चांगले मिळाले, संख्याशास्त्रात आपले नाव जगभर झाले. मग कारखान्यांत ते का झिरपले नाही? परवान्यांच्या राज्यात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेला ग्राहक लाल मणीसुद्धा हार घालून घरी नेत होता, हे एक उत्तर. दुसरे उत्तर असे की आपण ही विद्या विद्वानांच्या हवाली केली आणि कारभाऱ्यांना तिचा उपद्रव होऊ दिला नाही. पुढे बाजार खुला झाल्यावर ज्यांना ती खरोखर हवी होती त्यांनी ती मिळवली. महिंद्रांच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ साली डेमिंग पारितोषिक लाभले.

दरम्यान १९८७ मध्ये आयएसओ ९००० ही आंतरराष्ट्रीय मानकमालिका आली आणि कागदाला जात्याच शरण जाणाऱ्या आमच्या स्वभावाला ती विलक्षण मानवली. जे करता ते लिहून ठेवा आणि जे लिहिले तसेच करा, हे तिचे सूत्र मुळात उत्तम आहे. पण ऑडिटच्या आदल्या रात्री मागल्या तीन महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने आणि एकाच हस्ताक्षरात पुऱ्या करणारी मंडळी ज्याने पाहिली असतील, त्याला दरवाज्यावरच्या चौकटीतले प्रमाणपत्र वाचताना जरा थबकावे लागते. मुंबईच्या डबेवाल्यांविषयी नेमके उलटे घडले. १९९८ साली फोर्ब्समध्ये आलेल्या एका लेखापासून त्यांना सिक्स सिग्माचे प्रमाणपत्र मिळाल्याची आख्यायिका पसरली आणि व्यवस्थापनाच्या वर्गांतून ती अजूनही ऐकू येते. मोटोरोला कंपनीत जन्मलेली ती एक कार्यपद्धती आहे, कोणाच्या गळ्यात घालायचे पदक नव्हे. आणि डबेवाल्यांच्या कामात पाहण्यासारखे जे आहे ते पदकाने दिसतही नाही. झाकणावरची रंगीत खूण निरक्षरालाही वाचता येते, लोकलचे वेळापत्रक कोणालाही दिरंगाई करू देत नाही, एखादा आजारी पडल्यास गटात जादा माणूस हाताशी असतो, आणि मुकादमापासून सगळे त्याच कमाईचे वाटेकरी असतात. चूक होऊ नये याची तजवीज तेथे चूक होण्यापूर्वी झालेली असते.

साकिची टोयोडाच्या यंत्रमागातही हीच तजवीज होती. १९२४ साली पूर्णत्वास गेलेला त्याचा स्वयंचलित माग धागा तुटताच आपण होऊन थांबे, त्यामुळे वाईट कापड वीतभरही विणले जात नसे आणि एका माणसाला अनेक माग सांभाळता येत. त्याच घराण्याच्या मोटारीच्या कारखान्यात पुढे हे तत्त्व माणसाच्या हाती आले. जुळणीच्या ओळीवरच्या कोणत्याही कामगाराने दोष दिसताच डोक्यावरची दोरी ओढावी, दिवा लागावा, गटप्रमुख धावून यावा, आणि ठरल्या वेळेत उलगडा न झाल्यास सारी ओळ थांबावी, अशी ती व्यवस्था. तिच्यावर भारावून लिहिणारे पुष्कळ आहेत; आमच्याकडे येथून तेथून दोऱ्या आणि दिवे बसवलेही गेले. परंतु त्या दोरीची एक पूर्वपीठिका आहे. १९५० साली टोयोटात मोठा संप झाला, दोन हजारांच्या आसपास कामगारांना नोकरी सोडावी लागली, आणि त्याचे उत्तरदायित्व पत्करून अध्यक्ष कीचिरो टोयोडा याने राजीनामा दिला. त्यानंतर उरलेल्यांच्या नोकरीची शाश्वती हा तेथल्या कारभाराचा पाया झाला, आणि १९६२ साली संघटना व व्यवस्थापन यांनी परस्परविश्वासाचा संयुक्त जाहीरनामा काढला. तेथे सारे आलबेल होते असे नाही. हंगामी कामगार टोयोटानेही राबवले. पण दोरी ओढणाऱ्या कायम कामगाराला आपण उद्या याच ओळीवर उभे असू याची खात्री होती.

आमच्या वसाहतींतील ओळीवर उभा असलेला मुलगा बहुधा ठेकेदाराचा असतो. त्याचा गेटपास काही महिन्यांचा, त्याचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर नाही, आणि ओळ पाच मिनिटे थांबली तर पाळीचा आकडा का चुकला म्हणून पर्यवेक्षक ज्याच्याकडे प्रथम पाहील तो तोच. डेमिंगने व्यवस्थापकांना घालून दिलेल्या चौदा मुद्द्यांत भय हाकलून लावा असा एक मुद्दा आहे, आणि प्रशिक्षणवर्गांत तो सौजन्याने वागण्याचा उपदेश म्हणून वाचून दाखवला जातो. खरे पाहता तो ठेक्याच्या करारनाम्यातील कलमांशी निगडित आहे. ज्या मुलाला दोष दिसला आहे आणि तो बोलून दाखवला तर पुढल्या महिन्यात आपल्याला बोलावणे येईल की नाही याची खात्री नाही, त्याच्यापुढे टांगलेली दोरी कितीही चांगल्या प्रतीची असली तरी तो ती ओढणार नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही ओढली नसती.