कोऱ्या दाखल्याची शाळा

(शिपायाच्या जागेसाठी आलेला पारधी तरुण. पोलिस पडताळणीत चोरीचा जुना गुन्हा निघाला. त्यात तो निर्दोष सुटलेला. शाळेच्या मुख्याध्यापिका आणि संस्थेचे सचिव, निवृत्त फौजदार तात्या, बोलत आहेत.)

तात्या : नको, बाई. बदलापूर विसरलात? ऑगस्ट 2024. शाळेतच चार वर्षांच्या मुलींवर अत्याचार, आणि आरोपी कंत्राटावरचा सफाई कामगार.

बाई : विसरेन कशी? पण पॉक्सोच्या 2020 च्या नियमांनी शाळेतल्या प्रत्येकाची, कंत्राटी माणसाचीसुद्धा, पडताळणी आधीच सक्तीची केली होती.

तात्या : म्हणून तर आता तरी नीट पाळू.

बाई : पाळूच. पण नोंद वाचायची कशी? चोरी झाली की तुम्ही आधी कुणाच्या पालावर जायचात?

तात्या : पारध्यांच्या. नाकारत नाही. इंग्रजांनी जमातीच गुन्हेगार ठरवल्या, 1952 साली तो कायदा गेला. ठाण्यातली सवय राहिली. मग बोटांचे ठसे घेऊ. नावाचा घोळ तरी टळेल.

बाई : घोळ नावाचा नाहीच. माणूस तोच आहे आणि निर्दोष आहे. 2022 च्या कायद्याने पोलिसांना ठसे, मापं 75 वर्षं ठेवता येतात; पण आधीची शिक्षा नसलेला माणूस निर्दोष सुटला, तर सहसा ती नोंद नष्ट करायची असते. पोलिसांनी जे पुसायचं, ते आपण उकरायचं?

तात्या : उद्या काही झालं तर पालकांना निकालपत्र दाखवू? पोरांच्या बाबतीत मी कुणालाच संशयाचा फायदा देणार नाही.

बाई : लहान मुलाशी गैरवर्तनाचा आरोप असता, तर निर्दोष सुटलेल्यालाही मी घेतलं नसतं.

तात्या : मग तिथे न्याय कुठे गेला?

बाई : तिथे अन्याय होतो, आणि तो मी जाणूनबुजून करते. त्याला पोट भरायला दुसऱ्या जागा आहेत, पोरांना दुसरं बालपण नाही. चोरीच्या खोट्या आरोपाला मात्र हे लावता येत नाही.

तात्या : (जरा वेळाने) खरं सांगू? पोरांवरच्या अत्याचारात मी पकडलेले बहुतेक ओळखीचेच होते. शिकवणीचे मास्तर, मामा, शेजारी. दाखले सगळ्यांचे कोरे.

बाई : म्हणून दाखला कोरा असो वा नसो, बालवाडीच्या स्वच्छतागृहाकडे फक्त बाई कर्मचारी जाईल, तीही एकटी नाही. आणि या मुलाला सोमवारी रुजू करून घ्या.

तात्या : बरं. पण कंत्राटदाराच्या तीन माणसांचे दाखले अजून आलेले नाहीत.

बाई : ते येईपर्यंत तिघांनाही फाटकाच्या आत घेऊ नका.