रामा राघोबा राणे : चार दिवसांचे शौर्य आणि पुढची वर्षे

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्या शौर्यकथेत शत्रूवरची चढाई नाही. 8 ते 11 एप्रिल 1948 या चार दिवसांत, पहिल्या भारत-पाकिस्तान युद्धात, त्यांनी नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढले, आडवी टाकलेली झाडे उडवून दिली आणि रणगाड्यांना वाट करून दिली. त्याबद्दल त्यांना परमवीरचक्र मिळाले.

राणे मूळचे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. वडील पोलीस शिपाई. 1940 मध्ये ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध लढले आणि डिसेंबर 1947 मध्ये अधिकारी झाले. जम्मू-काश्मीरमधल्या त्या रस्त्यावर उतरले तेव्हा खांद्यावरचा तारा चार महिन्यांचाही नव्हता. हात मात्र जवळजवळ आठ वर्षे या कामात मुरलेले होते.

8 तारखेला काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा मारा आला. तुकडीतले दोघे ठार झाले, राण्यांसह पाच जण जखमी झाले. त्यांनी उरलेली माणसे गोळा केली आणि काम सुरू केले. बरवाली टेकडी ताब्यात आल्यावरही आसपास शत्रू होताच. तरी रात्री दहापर्यंत ते रणगाड्यांसाठी वळणरस्ता खोदत राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा तेच. पुढे आडवे पाडलेले पाइन वृक्ष, तीनशे यार्डांवर तसाच दुसरा अडथळा, मग उडवून दिलेली मोरी. संध्याकाळी पाच मोठ्या झाडांचा अडसर लागला. त्याच्याभोवती सुरुंग पेरलेले आणि वरून मशिनगनचा मारा. अंधार पडल्याने ताफा थांबवावा लागला. 10 तारखेला पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा तिथे हजर होते आणि साडेसहापर्यंत त्यांनी तो अडसर काढला. दुपारी दोनला रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांसाठी राणे मात्र रात्री नऊपर्यंत, जेवण आणि विश्रांतीविना, रस्ता साफ करत होते. 12 तारखेला राजौरी मुक्त झाली.

सुरुंग काढणे हे घाईचे काम नाही. जवान पालथा पडून सळईने माती तिरकी टोचत जातो; टोक कशाला लागले की बोटांनी कडेची माती सावकाश बाजूला करतो. हात थरथरला तर संपलेच. आवेशाचा इथे उपयोग नाही, उलट धोकाच अधिक. संतापाच्या भरात खंदकावर झेप घेणारा शूरच असतो. पण रात्री थांबून, थंड डोक्याने, पहाटे त्याच जागी परत जाणाऱ्याचे धैर्य वेगळ्या जातीचे, आणि अधिक दुर्मीळ. त्याला दरवेळी नव्याने निर्णय घ्यावा लागतो.

समाजाला मात्र क्षण आवडतो. हुतात्म्याचे आयुष्य त्या क्षणापाशी संपते, म्हणून त्याची कथा सांगायला सोपी. आजवरच्या 21 परमवीरचक्र विजेत्यांपैकी 14 जणांना ते मरणोत्तर मिळाले. राणे जिवंतपणी ते मिळवणाऱ्या अगदी पहिल्यांपैकी. अशा माणसाचे पुढे काय, हा प्रश्न समाज फारसा विचारत नाही. पदकामुळे लष्करातली बढतीची शिडी बदलत नाही: राणे मेजर या हुद्द्यावर निवृत्त झाले. त्यात उतरती कळा शोधणे चुकीचे आहे. रणांगणातला पराक्रम आणि वरच्या हुद्द्यावरचे प्रशासन ही दोन निराळी कामे आहेत, आणि एकाचे मोल दुसऱ्याने मोजणे दोहोंवर अन्याय करते.

निवृत्तीची खरी अडचण वेगळीच. सैनिक आणि कनिष्ठ अधिकारी मुलकी नोकरदारापेक्षा बऱ्याच लहान वयात गणवेश उतरवतात, तेव्हा मुलांची शिक्षणे चालू असतात आणि घर बांधायचे राहिलेले असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये, निवृत्तिवेतन, पदकाचा भत्ता यांची गरज तिथे लागते. वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देऊन हे भागत नाही. सफरमैनाच्या, म्हणजे लष्करी अभियंता दलाच्या, जवानाला रस्ता, पूल, स्फोटके, यंत्रे यांचे ज्ञान असते. ते मुलकी कामाला लावणे हा सत्काराहून उपयोगी सन्मान ठरतो.

राणे 1994 मध्ये पुण्यात वारले. त्यांच्या पलटणीचे केंद्र तिथेच, खडकीला आहे. शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव मिळाले होते; पुढे कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा राहिला आणि 2023 मध्ये अंदमानातल्या एका बेटाचे नाव राणे द्वीप झाले.