पूर्वतयारी : दया की न्याय?

संकट दाराशी आले की माणसाच्या मनातील दया जागी होते, हे आम्ही कोल्हापूरकरांनी अनुभवले आहे. २०२१ च्या जुलैत करोनाची दुसरी लाट जिल्ह्यातून ओसरली नव्हती, तोच पंचगंगेला महापूर आला. ज्या आजारात एकमेकांपासून दूर राहावयाचे, त्याच आजारात पूरग्रस्तांना एका छपराखाली आश्रय घ्यावा लागला. मदतीचे हात पुढे आले. तरी प्रश्न उरतोच. साथीची पूर्वतयारी ही दयेची बाब आहे, की न्यायाची?

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांच्या त्या कायद्याने सरकारला अधिकार दिले; रुग्णाला हक्क दिला नाही. पुण्यात घरांच्या झडत्या झाल्या आणि लोकांचा विश्वास उडाला. त्याच पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले निवर्तल्या. एकीकडे विश्वासाविना सत्ता, दुसरीकडे साधनांविना सेवा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने याच कायद्याचा आधार घेतला.

कोणी म्हणेल, आज क्षयाचा रोगी खोकत असताना उद्याच्या अज्ञात रोगासाठी पैसा का अडकवावा? हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. परंतु क्षयाची थुंकी तपासणारी प्रयोगशाळा आणि वस्तीत फिरणारी परिचारिका हीच नव्या साथीचीही पहिली तटबंदी होय. शाहू महाराजांनी आरंभिलेले राधानगरी धरण स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. ते पाहण्यास महाराज नव्हते. साठवलेल्या पाण्यास आपण अपव्यय म्हणत नाही. मग रिकाम्या खाटेस का म्हणावे?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. ते साधलेले नाही. करोनाकाळात दारोदार फिरलेल्या आशाताईंचा २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरव केला. कागदोपत्री मात्र त्या स्वयंसेविकाच राहिल्या. जिच्या खांद्यावर गावाचे आरोग्य, तिला वेतनाऐवजी कौतुक देणे ही दयासुद्धा नव्हे.

दया पुरानंतर येते. न्याय पुरापूर्वी बांध घालतो. साथ नसलेल्या दिवसांतच आपण ग्रामसभेत उठून विचारावयास हवे की, आपल्या उपकेंद्राचे दार आज उघडे आहे काय?